माझ्यापाशी जरा बस

काशिनाथअप्पा आमच्या ओसरीवर पहिल्यांदा आले, ते पिऊन पडलेल्या माणसाकडे मदत मागायला. तो माणूस म्हणजे माझे यजमान. अप्पांचं वालूरच्या बाजारात तेलाचं दुकान होतं. गळ्यात लिंग, कपाळी भस्म, आणि अर्धं आयुष्य शिंदीत गेलेलं. नुकतीच सोडली होती.

"विश्वनाथ, मला प्यावं वाटायलंय," ते म्हणाले. "माझ्यापाशी जरा बस."

मी आतून म्हटलं, "अप्पा, मठात जा की. ह्यांनाच दोघांनी धरावं लागतंय, ह्यांच्यापाशी काय मिळणार तुमाला?"

"मठातली माणसं लय चांगली हायेत, सूनबाई. तिथं मला लाजच वाटती. ह्याला माझं कळतंय."

यजमान उठून बसले. त्यांच्याकडे काही मागायला कोणी येऊन वर्षं झाली होती.

सोड म्हणून अप्पांनी त्यांना कधी सांगितलं नाही. शिंदीच्या दुकानात गर्दी व्हायच्या वेळी, दिवेलागणीला येत आणि स्वतःचंच सांगत: बायकोच्या पाटल्या कशा विकल्या, लेकाच्या लग्नात कुठे पडले. हळूहळू यजमानही आपलं सांगू लागले. पुढे सोडू पाहणारे पाच-सहा जण जमत. मी ताक करून ठेवी. मधेच कोणी घसरला, तोंड लपवत आला, तर अप्पा म्हणत, "आला न्हवं परत? सरका, जागा द्या त्याला."

एकदा यजमानांनी विचारलं, "अप्पा, तुमच्या माघारी हे कोण चालवायचं?"

"चालवायचं काय त्यात? ज्याला प्यावं वाटंल त्यानं उठून दुसऱ्याकडं जावं."

रझाकारांच्या वर्षी तो दुसराच उरला नाही. पुरुष निजामाच्या सरहद्दीपलीकडे गेले, त्यांत यजमान आणि ओसरीवरचे सगळे. अप्पांचे गुडघे गेलेले, ते राहिले. दिवेलागणीला रिकाम्या ओसरीवर येऊन बसले.

"मी बसते, अप्पा. बोला."

"तू कधी घेतली न्हाईस, सूनबाई," अप्पा म्हणाले आणि ताक न घेताच उठले.

काही दिवस ते शिंदीच्या दुकानाबाहेर दगडावर बसत. सोडू पाहणारा एखादा भेटतो का, म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला न्याहाळत. मग आत दिसू लागले. मी ताक पाठवलं, भाकरी पाठवली, दुकानदाराला शिव्या दिल्या. त्याने त्या ऐकून घेतल्या.

निजामाचं राज्य गेलं तेव्हा यजमान परतले. अंगावरची धूळही न झटकता त्यांनी अप्पांची चौकशी केली. मी त्यांना दुकानापाशी घेऊन गेले. अप्पा त्याच दगडावर होते, पिऊन. त्यांनी ओळखलं की नाही, सांगता येत नाही.

"अप्पा, मला प्यावं वाटायलंय," यजमान म्हणाले. "माझ्यापाशी जरा बसा."

अप्पांची मान वर झाली नाही. पण ते थोडे बाजूला सरकले.

त्याच हिवाळ्यात ते गेले, पीतच गेले. तोवर यजमान रोज दिवेलागणीला त्या दगडावर जाऊन बसत. मी दोन पेले ताक देई. एक भरलेलाच परत येई.