वाराची चाहूल

माझी लेक काय करते, असं कुणी विचारलं की पूर्वी मी विषय बदलायचे. पुढे पुढे सरळ सांगू लागले, "मारामारी करते." समोरच्याचा चेहरा पडला की जरा बरंच वाटायचं. थोरल्या जाऊबाई एकदा काळजीनं म्हणाल्या, "अगं, मग हिच्याशी लग्न कोण करणार?"

"जो चपळ असेल तो!" लेक आतून ओरडली.

तिचं खरं काम असं. मोबाइलवर मारामारीचा एक खेळ आहे, भोवरा नावाच्या चित्रकथेतल्या वीरावर बेतलेला. भोवरा म्हणजे करड्या कोटातला साधा घड्याळजी, पण त्यानं स्वतःभोवती गिरकी घेतली की दहा जणांचं बळ अंगात येतं. खेळ फुकट उतरवून घेता येतो. एकामागून एक शत्रू समोर येतात. बोट सरकवलं की भोवरा मारतो, दाबून धरलं की हात आडवे घालून वार अडवतो. हे शत्रू हलतात कसे, ते माझी लेक ठरवते. त्यातही तिचा हातखंडा म्हणजे वाराच्या आधीचा क्षण. खांदा मागे जातो, टाच उचलली जाते, मान जराशी वळते. याला ती चाहूल म्हणते.

"चाहूल दिसली की अडवायला वेळ मिळतो, आई. तो वेळच दिला नाही, तर ती लढत नव्हे, लबाडी."

लहानपणी ही एका जागी बसायची नाही. बाई तक्रार करायच्या की हिचं लक्ष नसतं. लक्ष असायचं, पण फळ्यावर नाही, बाईंच्या कोपरावर. कोपर कसं वळलं की खडू भिरकावला जाणार आणि कसं वळलं की नुसताच धाक, हे तिला पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंतच्या सगळ्यांआधी कळायचं. आख्खा वर्ग म्हणे तिच्याकडे बघून डोकी खाली घालायचा. मी तिला हिशेबनिसाच्या अभ्यासाला घातलं. ती मुकाट्यानं पास झाली आणि ते प्रमाणपत्र घडी करून डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारलं. हे म्हणाले, "चला, शिक्षणाचा आधार झाला एकदाचा." मी दोन दिवस दोघांशी बोलले नाही.

मग ती चित्रं हलवायला शिकली, या खेळाच्या कंपनीत लागली आणि आमचं घर आखाडा झालं. आरशासमोर उभी राहून ती शंभरदा बुक्की उगारायची, उगारलेली बुक्की तिथेच धरून खांद्याकडे बघत बसायची. बैठकीतल्या दिव्याची टोपी फुटली. खालच्या मजल्यावरचे काका जिना चढून विचारायला आले, "वहिनी, वर काही भांडण आहे का?"

"भांडण नाही काका, ऑफिसचं काम आहे," लेक आरशासमोरूनच म्हणाली.

"मग आमच्या ऑफिसापेक्षा बरंय. आमच्याकडे काम कमी आणि भांडणच जास्त."

कंपनीला साध्या माणसांकडून खेळ खेळवून बघायचा असे. घरबसल्या खेळणाऱ्या अशा लोकांच्या यादीत तिनं माझंही नाव घातलं. मी म्हटलं, मी इतिहास शिकलेली बाई, वाचनालयात पुस्तकं देते-घेते, मला कशाला यात ओढतेस? तर म्हणाली, "तुझं बोट सावकाश चालतं. तुला जमलं तर जगाला जमेल." झालं, दुपारचा चहा झाला की मी भोवऱ्याला घेऊन बसायचे. आधी हरले, भरपूर हरले. मग एक दिवस काजळी समोर आली.

काजळी ही खलनायिका. धुराड्यातून उतरते, काळा झगा घालते, बोलते गोड. तिचा मोठा वार यायच्या आधी ती थांबली. चष्मा काढला, कपाळावरची बट कानामागे सारली, उजवा खांदा मागे नेला. मी फोनच खाली ठेवला.

"अहो, इकडे या जरा. ही कोण आहे बघा."

हे नाकातली नळी सावरत आले, बघितलं आणि इतके हसले की खोकल्याची उबळ आली. "तूच की गं! मारायला उठलीस की पोरं पळायची ती हेच बघून."

संध्याकाळी लेक आली तेव्हा मी दारातच धरलं. "आईला खलनायिका केलंस?"

"तुझ्याइतकी सरळ चाहूल कुणाचीच नाही गं. चष्मा टेबलावर गेला की आम्हाला अंगणात जायला पुरेसा वेळ मिळायचा. पण हरवायला तू सगळ्यांत कठीण आहेस, चौथ्या टप्प्याची राणी आहेस, आणखी काय हवं?"

रागवायचं ठरवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात दोघींना दाखवलं.

आता नळीचं सांगायला हवं. यांची फुप्फुसं थकली आहेत. खोलीत प्राणवायूचं यंत्र आहे, ते घुरघुरतं तोवर मला झोप लागते, थांबलं की जाग येते. यंत्र, औषधं, दवाखाना, सगळं लेकीच्या नोकरीच्या विम्यावर चालतं. त्यामुळे ती जरा उशिरा घरी आली तरी माझ्या मनात आधी नोकरी गेल्याचं येतं आणि मग अपघाताचं. आई म्हणून हे शोभत नाही, पण क्रम असाच लागतो.

तिच्या साहेबांना ती लोणीसाहेब म्हणते. माणूस कधी आवाज चढवत नाही. त्यांनी तिला बोलावून सांगितलं की काजळीच्या मोठ्या वाराची चाहूल काढून टाक. लोक तो वार अडवतात, पुढे जातात आणि ढाल घेतच नाहीत. ढाल ही विकतची. वार न दिसता आला की दोनतीनदा हरतील, मग घेतील. साहेब त्याला 'सुधारणा' म्हणत होते.

"मी नाही म्हटलं," तिनं जेवताना सांगितलं.

मी घास ताटात परत ठेवला. "नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. त्यांनी ते दुसऱ्या मुलाकडून कापून घेतलंय."

"मग झालं की. तू कशाला मध्ये पडतेस?"

"ते कापलेलं वाईट दिसतंय. मूर्तीला अचानक झटका आल्यासारखं. चाहुलीशिवाय शरीर मारतच नाही ना आई! हात मागे गेल्याशिवाय पुढे येईल कसा? ते गुळगुळीत करून दे म्हणतायत. नजरबंदी करून दे, थोडक्यात."

"एका खांद्यासाठी?" मी म्हटलं. "खोट्या बाईच्या खोट्या खांद्यासाठी? आतल्या खोलीत काय चाललंय ते ऐकू येतंय ना तुला?"

आतून यांचा आवाज आला, "माझ्या नावानं कुणी कुणाला घाबरवू नका. मी अजून जेवतोय." मी मनातल्या मनात तिला हट्टी, आगाऊ, आत्यावर गेलेली, सगळं म्हणून घेतलं.

त्याच आठवड्यात कंपनीनं घरबसल्या खेळणाऱ्या आम्हा सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. काजळीचा बदललेला टप्पा आमच्यासमोर खेळवून बघायचा होता. लेक म्हणाली, "नको जाऊस." मी गेले. खरं सांगायचं तर लोणीसाहेबांना भेटून, लेकीच्या वतीनं दोन गोड शब्द बोलून यावं असं मनात होतं.

लांब टेबल, प्रत्येकाच्या पुढ्यात एक फोन आणि भिंतीला टेकून वह्या घेतलेली मुलं. माझ्या शेजारी एक बसचालक बसले होते. चांगला भरदार माणूस, खेळताना जीभ दातांत धरायचे. खेळण्यात माझ्यापेक्षा कितीतरी तरबेज. काजळी धुराड्यातून उतरली. मी तिच्या चष्म्याकडे डोळे लावून बसले. चष्मा हललाच नाही. भोवरा आडवा झाला. पुन्हा खेळले, पुन्हा आडवा. ती नुसती उभी असायची आणि दुसऱ्या क्षणी वार बसलेला असायचा. पडद्यावर ढाल चमकत होती, 'घ्या आणि पुढे चला'.

शेजारचे बसचालकही पडले. तिसऱ्यांदा पडले तेव्हा स्वतःच्या अंगठ्याकडे बघून म्हणाले, "बोटं जाड झाली हो आपली. वय झालं. पूर्वी असं होत नव्हतं." आणि ढालीवर बोट नेलं.

तिथे माझं सगळं गोड बोलणं संपलं. खेळ त्यांना फसवत होता आणि ते स्वतःच्या बोटांना दोष देत होते. समोरची एक मुलगीही पुटपुटत होती, माझंच लक्ष नव्हतं.

"थांबा," मी त्यांना म्हटलं. "बोटं ठीक आहेत तुमची. ही बाई न सांगता मारतेय."

लोणीसाहेब आले, खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. "काकू, ती खलनायिका आहे. तिनं काय नमस्कार करून मारायचं?"

"तिनं कसंही मारावं. पण तिचं मारणं बसवलंय तुम्ही. ती दुष्ट आहे म्हणून आम्ही खेळतो. तुम्ही दुष्ट असाल तर कशाला खेळायचं?"

भिंतीकडची मुलं लिहायची थांबली. बसचालकांनी बोट मागे घेतलं. "म्हणजे अडवताच येत नाही होय हे?" त्यांनी साहेबांना विचारलं. साहेब हसले, म्हणाले, "थोडा सराव लागतो." बसचालक म्हणाले, "साहेब, मी रोज रस्त्यावर असतो. सिग्नल न देता वळणाऱ्याला आम्ही काय म्हणतो ते इथे बायकामुलींसमोर सांगता येत नाही."

पाणी प्यायला थांबलो तेव्हा साहेबांनी लेकीला तिथेच बोलावून घेतलं. बहुधा माझा उपयोग होईल असं वाटलं असावं. "बघ, तुझ्या आईलाही तो झटका खटकला. तू हात फिरवलास की कुणाला कळणारसुद्धा नाही. सोमवारपर्यंत दे. घरी आजारी माणूस आहे, तू नीट विचार करशीलच."

यांचं आजारपण त्यांच्या तोंडून, तेही इतक्या मऊ आवाजात! लेकीनं माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं असणार, आता आई हात जोडणार.

"माझ्याकडे काय बघतेस?" मी म्हटलं. "तुझं उत्तर तू दे."

"सोमवारची वाट कशाला," ती साहेबांना म्हणाली. "ज्याला अडवता येत नाही तो वार मी करणार नाही. कुणाला कळणार नाही असा तर मुळीच नाही."

"मग तुझी इथली जागा..."

"कळलं."

आम्ही दोघी पायीच घरी आलो. वाटेत ती रडली, मीही रडले, आणि मग दोघींनी एक एक थंड सरबत घेतलं. हे म्हणाले, "आता दुपारी दोघी घरी, म्हणजे माझं काही खरं नाही." दुसऱ्या दिवशी सकाळपासून दवाखान्यांना फोन करायला त्यांनीच सुरुवात केली. सरकारी दवाखान्यातून भाड्यानं यंत्र मिळतं, असं एका ठिकाणी कळलं आहे. रांग मोठी आहे. ते यंत्र आवाजही जास्त करतं म्हणतात. लेक सध्या एका पोहणं शिकवणाऱ्या संस्थेसाठी हात कसे मारायचे त्याची हलती चित्रं करते. काम थोडं आहे. खेळाचा बदललेला टप्पा बाहेर पडला, तो झटका तसाच आहे आणि ढालही आहे. आम्ही काही थांबवू शकलो नाही. जाऊबाईंनी विचारलं, "मग मिळवलंत काय?" मी म्हटलं, "तुम्हाला सांगून कळेल असं काही नाही." इतकं तुटक मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते.

मला भीती वाटते. यंत्राचा आवाज जरा बदलला तरी उठून बसते. पण तिनं नजरबंदी करून द्यायला हवी होती असं एकदाही वाटलेलं नाही. मी स्वतःला उलटसुलट विचारून बघितलं, नाही वाटत.

आज दुपारी कंपनीचा मला निरोप आला. आपलं मत मोलाचं आहे, पुढच्या टप्प्यालाही यावं, येणाऱ्यांना ढाल भेट. मी उत्तर लिहिलं की तुमची ढाल तुमच्यापाशी ठेवा. साध्या माणसांना तुम्ही त्यांच्याच बोटांवर संशय घ्यायला लावता, त्या कामाला मी येणार नाही. माझं नाव यादीतून काढावं, आणि काजळीचा चष्माही काढावा, आता तिचा आणि माझा संबंध नाही.

लेकीनं खांद्यावरून वाचलं. "आणि खाली हे काय? 'कळावे, लोभ असावा'? आई, तू भांडतेयस!"

"भांडतानासुद्धा पत्र नीट संपवावं."

"लोभ नको आहे आपल्याला त्यांचा."

ते मात्र तिचं बरोबर होतं. 'लोभ असावा' तेवढं खोडलं, 'कळावे' ठेवलं आणि पाठवून दिलं.