दोघींची सोनोग्राफी

माझी थोरली जाऊ, म्हणजे आमच्या ताई, आणि मी एकाच वर्षी गरोदर राहिलो. कुरुळीत आमचं एकत्र घर, दोघींचेही नवरे चाकणच्या कंपन्यांत शिफ्टला. त्यामुळे पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीला आम्ही दोघीच रिक्षानं संत तुकाराम नगरच्या हॉस्पिटलात गेलो.

माझी तपासणी लवकर आटोपली. ताईंना मात्र डॉक्टरांनी कुशीवर वळवलं, जरा चालून यायला सांगितलं, परत झोपवलं. मग मलाही आत बोलावलं. छाती आणि पोटाच्या मध्ये स्नायूचा पडदा असतो, बाळाच्या पडद्याला डावीकडे भोक राहिलंय, असं त्यांनी समजावलं. तिथून जठर आणि आतडी वर सरकली होती. स्क्रीनवर हृदयाला खेटून दिसणारा काळा फुगा म्हणजे जठर. फुप्फुसाला वाढायला जागाच नव्हती. ताईंना पोटावरची जेल पुसायचंही सुचेना. मी त्यांचा हात धरला होता, आणि मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की बरं झालं, हे माझं नाही.

तेव्हापासून मी घरात ओढणी पसरून वावरायला लागले. पोटात बाळ हललं तरी ताईंसमोर हात तिकडे जाऊ द्यायची नाही.

माझ्या पुढच्या सोनोग्राफीला सोबत कुणी नव्हतं, म्हणून ताईच आल्या. माझी पर्स मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसल्या. सगळं ठीक आहे, असं डॉक्टर म्हणाले तरी माझ्यानं राहवलं नाही.

"जठर खालीच आहे ना? परत एकदा बघता का?"

त्यांनी परत बघितलं. जागेवर होतं. मला मान वर करवेना.

बाहेर आल्यावर ताईच बोलल्या. "मीच इचारणार हुते. आन् ती ओढणी सोड आता. तुझं बाळ नीट हाय, त्यात मला काय दुखायचं?"

त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ताईंना मुलगी झाली. तिला रडूही न देता नळी घालून मशीनवर ठेवलं. दिरांनी मोबाइलवर एक्स-रे दाखवला. डावीकडे फुप्फुसाच्या जागी आतड्यांचे बुडबुडे, हृदय उजवीकडे ढकललेलं. मी एकदाच बघून मोबाइल परत दिला. ऑपरेशननंतरच्या एक्स-रेत आतडी खाली गेली होती. वर कोपऱ्यात फुप्फुसाचा एवढासा तुकडा, बाकी सगळी पोकळी. ते हळूहळू वाढेल, असं डॉक्टर म्हणाले, आणि वाढलंही.

त्या अजून हॉस्पिटलातच होत्या तेव्हा माझा मुलगा जन्मला. वॉर्डभर ऐकू जाईल असा रडला. ताईंना फोनवर सांगताना मी त्याला वॉर्डबाहेर न्यायला लावलं.

आता दोघंही अंगणवाडीत जातात. मुलगी पळताना लवकर दमते, माझा पुढे निघून जातो. मी ओरडते, हळू पळ. ओट्यावरून ताई म्हणतात, "पळू दे की त्याला." मी घरात जाते.