मी दोनदा पुसलेली नोंद

वारून सात महिने झालेला माणूस ऑक्टोबरातल्या एका सोमवारी सकाळी आमच्या कंपनीच्या पत्त्यांच्या यादीत परत आला. टेलिफोन नंबर, खोली नंबर, फोटो, सगळ्यासकट. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने मला हाक मारून दाखवलं. मला आधी राग आला तो आमच्या गोदामवाल्यांचा, कारण असा घोळ तिथूनच होऊ शकत होता.

ते नाव माझ्या सीनियरचं होतं. मी जर्मनीत न्युरेम्बर्गला आले तेव्हा मला या कामातलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यांनी हाताला धरून शिकवलं. काम सांगायला सोपं आहे. कंपनीतल्या प्रत्येक माणसाची नोंद वेगवेगळ्या गावांतल्या वीसेक सर्व्हरवर असते, आणि ती सगळीकडे सारखीच असली पाहिजे. एका सर्व्हरवर काही बदललं की तो बाकीच्यांना कळवतो. नवीन माणूस आला हे कळवणं सोपं. कटकट असते ती पुसल्याची. म्हणून आम्ही नोंद एकदम नाहीशी करत नाही, तिच्यावर 'पुसली' अशी खूण राहते, सहा महिने, म्हणजे सगळ्या सर्व्हरना तेवढ्यात कळावं. मग ती खूणही जाते. एखादा सर्व्हर त्याहून जास्त दिवस बंद राहिला तर त्याला काही पत्ताच नसतो. चालू झाला की बिचारा आपल्याकडची जुनी नोंद खरी समजून सगळ्यांना वाटत सुटतो.

"आल्झो, पुसलं हीसुद्धा बातमीच आहे. ती प्रत्येकाला पोचली पाहिजे," असं ते, सुरुवात त्या जर्मन 'तर मग'नेच करून, मला इतक्यांदा ऐकवायचे की मी वैतागायचे.

मार्चमध्ये ते गेले. कॅन्सर कळला आणि तीन महिन्यांत सगळं आटोपलं. त्यांची नोंद पुसायचं काम मी मागून घेतलं होतं, परक्या हाताने नको म्हणून. गोदामाच्या इमारतीचं तेव्हा दुरुस्तीकाम चालू होतं आणि तिथला सर्व्हर बंद होता. काम संपल्यावर कुणीतरी आम्हाला न विचारता तो चालू केला, एवढंच झालं.

पण त्या सकाळी मला ते नाव पुसवेना, आणि त्याचं कारण पुण्यात होतं. आईला मी ते गेल्याचं सांगितलंच नव्हतं.

आईची आणि त्यांची ओळख व्हिडिओ कॉलवरची. एका दिवाळीला ते इथे माझ्या घरी जेवायला आले होते, तेव्हा त्यांनी पाठ करून ठेवलेलं "आई, कशा आहात?" म्हटलं, आणि ही पुण्यातून मराठीतच सुरू, "अहो, या ना एकदा इकडे!" तेव्हापासून ते तिचे जर्मन काका. दरवर्षी त्यांना बेसनाचे लाडू जायचे. ते गेले त्याच्या आदल्याच महिन्यात आईची बायपास झाली होती. दादाने बजावलं, "धक्का बसेल असं काही बोलू नकोस हं." मी सांगितलं, काकांना जरा बरं नाहीये. आई एप्रिलमध्ये हिंडायला-फिरायला लागली, जूनमध्ये बागेत चकरा मारायला लागली. मी आपली दर रविवारी, "आहेत तसेच आहेत."

आणि हे मी करावं? मी? चार वर्षांपूर्वी दादाने फोन केला होता, "बाबा सीरियस आहेत, निघ." बाबांचे गुडघे दुखायचे म्हणून मी धावपळीत इथल्या दुकानातून त्यांच्यासाठी पट्टा घेतला. विमानतळावर दादा उभा होता, डोक्यावरचे केस काढलेले. मी निघायच्या आधीच बाबा गेले होते. आपल्याकडे लांबच्या माणसाला असंच सांगतात, त्याने एकट्याने रडत येऊ नये म्हणून. घरात पाऊल टाकल्या टाकल्या मी आईवर ओरडले, "प्रवासभर मी जिवंत माणसासाठी देवाला हात जोडत होते. फसवलंत तुम्ही मला." तिचा नवरा जाऊन दोन दिवस झाले होते. त्या बोलण्याची मला अजून लाज वाटते.

त्या सोमवारच्या आदल्या रात्री आईचा मेसेज आला होता. शेजारच्या वहिनी लेकीकडे म्युनिकला येणार आहेत, त्यांच्याबरोबर काकांचे लाडू पाठवते, आजारी आहेत म्हणून साखर बेताची घातलीय.

साहेबांनी अकराला विचारलं, झालं का. मी म्हटलं, बघतेय. बघत काही नव्हते, त्यांच्या फोटोसमोर बसले होते नुसती. साडेबाराला गोदामाचा सर्व्हर वेगळा काढला आणि बाकीच्यांवरून ती नोंद पुसली. अर्ध्या मिनिटाचं काम. मग खाली अंगणात गेले आणि फोन लावला. पुण्यात चहाची वेळ होती.

"आई, लाडू पाठवू नकोस."

"का गं? डॉक्टर नको म्हणाले त्यांना?"

"ते गेले, आई."

"कधी?"

"मार्चमध्ये."

मी एका दमात सगळं सांगून टाकलं, बायपास, दादा, धक्का. मग कारणं संपली.

"रोज दिवा लावताना त्यांचं नाव घेत होते मी," आई म्हणाली. "बरं वाटू दे म्हणून. कालसुद्धा घेतलं."

मला वाटलं, आता ती माझंच बोलणं मला ऐकवणार. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "तू विमानात बाबांसाठी हात जोडत होतीस ना, तसंच झालं हे." आवाजात टोमणा नव्हता.

मी इकडे रडायला लागले. आई म्हणाली, "रडू नकोस. त्यांच्या बायकोला देशील का लाडू? झालेत करून." मी हो म्हटलं.

"पण डब्यावर मार्करने त्यांचं नाव घातलंय मी. थांब, पुसते."

फोन तसाच ठेवून ती उठली. नळ सुरू झाला, बंद झाला. मग ओलं फडकं डब्यावर घासल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. नाव निघत नसावं.