ओटीतला दगड

दोन हजार सालच्या आसपासचा एक शुक्रवार, आखातात, यूएईतल्या फुजैरातला एका कंपनीचा क्लब हॉल... आठवलं की आजही माझं डोकं सणकतं.

आमच्या छोट्याशा मराठी मंडळात त्या दिवशी एक परदेशी बाई आल्या होत्या. मूळच्या जिऑलॉजिस्ट, डोंगरांत दगड फोडत फिरलेल्या. मग दोनदा अंतराळात जाऊन आल्या, आणि आता त्यांच्या सरकारच्या विज्ञान खात्याच्या प्रमुख!

मीही पुण्याची एमएस्सी जिऑलॉजी. पण व्हिसावर शिक्का, 'हाउसवाइफ, नोकरीची परवानगी नाही'. त्यामुळे मंडळाने मला काम काय द्यावं? पाहुणीची ओटी भरायचं...

सेक्रेटरी स्वतःच अर्धा तास बोलले. मग लोकांचे प्रश्न. वर जेवता काय? अंघोळ कशी करता? मुलं कोण सांभाळतं? मिस्टरांना चालतं का? अहो, जिने अख्खी पृथ्वी वरून पाहिली तिला विचारायला तुम्हाला हेच सुचलं?

माझ्या पर्समध्ये घरामागच्या डोंगरातला एक हिरवट काळा दगड होता. समुद्रतळाच्याही खाली, पृथ्वीच्या पोटात तयार झालेला हा खडक इथे चक्क उघड्यावर दिसतो. त्याबद्दल मला बोलायचं होतं... कितीतरी वर्षांनी कुणाशी तरी दगडांबद्दल बोलता आलं असतं. मी हात वर केला.

"वहिनी, क्वेश्चन्स खलास! जेवण थंड होतंय. ओटी भरा, यल्ला यल्ला, चला लवकर!" सेक्रेटरी ओरडले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाईंनी सत्काराची शाल ओटीसाठी पुढे धरली. मी कुंकू लावलं, तांदूळ घातले, खण ठेवला, नारळ ठेवला... आणि सुपारीच्या जागी दगड.

बाई थबकल्या. दगड उचलून उजेडात धरला आणि सरळ जिभेने चाटला! मागून कुणीतरी "ईऽऽ" केलं. ओल्या दगडातले कण स्पष्ट दिसतात, हे त्या हॉलमध्ये आम्हा दोघींनाच ठाऊक.

"कुठे मिळाला हा?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. "तुम्ही काय करता?"

"शी इज हाउसवाइफ, मॅडम," सेक्रेटरी मध्येच.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तोच प्रश्न पुन्हा मला विचारला.

"जिऑलॉजिस्ट," मी म्हणाले.

मग आम्ही स्टेजच्या पायरीवर बसून बोलत राहिलो. जेवण गार झालं... होऊ दे म्हटलं. जाताना बाई नारळ विसरल्या, दगड मात्र घेऊन गेल्या.

शिक्का पुढेही तसाच राहिला, आणि त्या हॉलवरचा माझा राग गेलेला नाही. पण तोच प्रश्न दुसऱ्यांदा, मलाच विचारल्याबद्दल त्या बाईंचे आभार मानायचे राहून गेले होते... ते आज मानते.