न लागलेल्या नोकरीचे रोडगे

आधी खरं सांगून टाकतो. गिरडच्या दर्गेवाल्या बाबाच्या डोंगरावर त्या रविवारी मी खोटं घेऊन चढली. लोकं तिथं मागायले जाते, नाईतर मिळालं म्हणून नवस फेडायले जाते. आम्ही जे मिळालंच नव्हतं त्याचा नवस फेडायले गेलतो!

झालं असं, की माह्या नवऱ्याची नोकरी गेली. कंपनीनं त्याचं डिपार्टमेंटच बंद केलं. मी वर्ध्याले एका लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करतो, सकाळी सातले घर सोडतो, पोरगी चार वर्षांची. घर चालून राह्यलं होतं, पण नवरा बोलणंच विसरला. पोरीची वेणी घालायचा, माहा डबा भरायचा, अन् मी घरी आली की मान खाली घालून गॅलरीत जायचा. मी बी काही देवी नाई. एक दिवस थकून आली अन् तोंडातून निघून गेलं, "बरं आहे तुहं, आराम आहे." त्या दिवसापासून तो माह्यासमोर जेवलाच नाई. मले वाढून द्यायचा अन् उठून जायचा. कधी जेवते, काय जेवते, मले मालूम नाई. मले लय भेव वाटे. नोकरीचं नाई, त्याले काही होईन याचं.

अशात समुद्रपूरकडून सासूबाईचा फोन आला, पोरगा फोन काऊन उचलत नाई म्हणून. मी गडबडली. म्हटलं, आई, त्याले नवीन मोठी नोकरी लागली, टाईमच नाई भेटत. मले वाटलं विषय संपला. तर त्या फोनवर रडाच लागल्या! त्याईनं म्हणे कधीचाच नवस बोलून ठेवला होता, पोराले मोठी नोकरी लागू दे, गिरडले रोडगे करीन. मंग म्हणे, रविवारी या, कणीक मी दळून आणतो. आता सांगा, काय करता! नवऱ्याले खरं सांगितलं, त्यानं नुसती पिशवी भरली.

वर दर्ग्यात सासूबाईनं उंबरठ्यावर डोकं टेकवलं अन् भरल्या आवाजात बाबाचे उपकार मानले. नवरा भिंतीकडे तोंड करून उभा. मी डोक्यावर ओढणी घेतली, हात जोडले, पण बोलाव काय समजेना. मागाव त कसं, आम्ही त मिळालं म्हणून आलो. शेवटी एवढंच म्हटलं, बाबा, मी खोटं बोलली, माह्याच्यानं आता काही होत नाई, तूच पाहून घे.

खाली उतरून आम्ही चूल मांडली. रोडगे म्हणजे कणकेचे गोळे, गवऱ्याच्या विस्तवात भाजाचे. पण गवऱ्या वल्ल्या निघाल्या, नुसता धूर. तेवढ्यात डोक्याले दुपट्टा बांधलेला एक म्हातारा घमेल्यात लालबुंद निखारे घेऊन आला. नवऱ्याले म्हणे, सरक ना बाप्पा, धूरच खाऊन राह्यला काय. निखारे ओतले, उकिडवा बसला, अन् सहज इचारलं, "काय काम करतं तू?"

सासूबाई कौतुकानं सांगणारच होत्या, तर नवराच बोलला. "काही नाई, काका. नोकरी गेली माही."

म्हाताऱ्याले काहीच नाई वाटलं. काडीनं निखारे सारले अन् म्हणे, "जाते. इस्तव बी इझते. त्यात गवऱ्याचा काय गुन्हा?" अन् घमेलं तिथंच सोडून निघून गेला.

मी रडत रडत म्हटलं, आई, खोटं मी बोलली, त्याचं काही नाई. सासूबाईचे हात कणकेत तसेच थांबले. मंग म्हणे, "पाहुणा घरी आला त आपण आधी जेवू घालतो, का आधी काम सांगतो?"

"आधी जेवू घालतो," मी म्हटलं.

"मंग? आज बाबाले जेवू घालू. नोकरीचं काम नंतर सांगू." अन् पोराकडे पाहून, "तू वांगे चीर. रिकामा बसला!"

"रिकामाच त आहो, आई," नवरा म्हणे, अन् हासला. दोन महिन्यांनी हासला हो! अन् माह्यासमोर, पोरीले मांडीवर घेऊन, तुपात चुरून पाच रोडगे जेवला.

म्हाताऱ्यासाठी ताट वाढून घेतलं, घमेलं परत कराले निघाली. बाजूच्या चुलीवाले म्हणे आमचं नाई. त्याच्या बाजूचेही तेच म्हणे. साऱ्या चुली फिरली, म्हातारा कोणाचाच नाई. मी काही दावा करत नाई. असन कोणी, गेला असन लवकर. घमेलं आमच्या घरी आहे, पोरीनं त्यात झेंडू लावला.

मागाले शब्द नव्हते तवाच मले सारं भेटलं, हे मी आता कोणालेही सांगतो. सोडून द्या त्याच्यावर, अन् घरच्या माणसाले आधी जेवू घाला.

नोकरी पुढं लागली, पहिलीपेक्षा लहान, पण वर्ध्यातच. मी धावत धावत सासूबाईले फोन केला. त्या शांतपणे म्हणे, "त्यात नवीन काय सांगतं, बाई? तिचे रोडगे त आपण खाऊन बसलो."