डब्यात परत टाकलेली चिठ्ठी

हे लिहायचं तीन दिवस टाळतोय. कधी चार्जिंग नाही, कधी रेंज नाही... काल तर लिहायलाच बसलो होतो, पण समोरच्या आंब्याच्या कलमावर दोन खारी भांडत होत्या, त्यात अर्धा तास गेला. आज मात्र पोस्ट केल्याशिवाय उठायचं नाही.

सध्या मी रत्नागिरीजवळ एका आंब्याच्या बागेत कामाला आहे. याआधी गुहागरला सुपारीच्या वाडीत होतो, त्याआधी दाभोळला बोटीवर... मी एका जागी टिकत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. शाळाही तशीच, अर्ध्यावर सोडलेली.

इथल्या चर्चमध्ये दर बुधवारी संध्याकाळी आम्ही सात-आठ जण जमतो. शिवणकाम करणाऱ्या मार्था मावशी आमचा वर्ग घेतात. त्यांच्याकडे बिस्किटाच्या डब्यात बायबलमधल्या वचनांच्या चिठ्ठ्या असतात. प्रत्येकाने एक उचलायची आणि आठवडाभर त्याच एका वचनावर मनन करायचं.

गेल्याच्या गेल्या बुधवारी मी चिठ्ठी उघडली. देवापुढे काही ठेवायला आलास आणि भावाच्या मनात तुझ्याबद्दल काही आहे हे आठवलं, तर ते तिथेच सोड, आधी त्याच्याकडे जा... अशा अर्थाचं वचन होतं.

मी हळूच घडी घातली, डब्यात परत टाकली आणि दुसरी उचलली. असं कोणी करत नाही आमच्यात. दुसरीत देव मेंढपाळासारखा सांभाळतो असं काहीतरी होतं, ते बरं वाटलं. मावशींनी चष्म्यावरून बघितलं आणि डबा पुढे सरकवला.

का टाकली, ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वी दापोलीला दादाचं लग्न होतं. अंगठ्या गुहागरच्या सोनाराकडे केलेल्या, त्या घेऊन यायचं काम माझ्याकडे. दादा म्हणाला होता, "तुला एवढं एकच काम सांगतोय."

मी पोचलो तेव्हा लग्नविधी संपला होता. काका-काकूंच्या बोटातल्या अंगठ्या काढून वेळ भागवलेली. मी सांगितलं, दाभोळची फेरीबोट बंद होती. दादाने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "बरं." त्यानंतर आजपर्यंत तो माझ्याशी बोललेला नाही.

आणि मीच मनात धरून बसलो होतो... एवढ्याशा गोष्टीवरून सख्ख्या भावाला तोडतो म्हणजे काय!

आता बागेचं सांगतो. सध्या आढी घालायचं काम चालू आहे. म्हणजे तयार झालेले कच्चे आंबे गवतात थर लावून मांडायचे, वर गवत घालायचं आणि पिकू द्यायचे. मधेमधे उलटून बघायचं, बस. मी मात्र सारखा अंगठ्याने दाबून बघायचो.

आमचे मुकादम तात्या ओरडलेच. "अरे मेल्या, दाबतोस कशाला? पळून जातोय काय आंबा? वासाने कळतं. नाक दिलंय ना तुझ्या देवाने?"

मी पवित्र शास्त्र वाचायचो ते असंच. उघडलं, दाबलं, मिटलं... पुढचं पान.

गंमत म्हणजे मेंढपाळाचं वचन शुक्रवारपर्यंत विसरून गेलो. डब्यात टाकलेलं मात्र हलेना. आंबे उलटताना तेच वर यायचं. मी ते झटकायचो, ते परत यायचं. शेवटी म्हटलं, राहू दे मग.

चौथ्या दिवशी हातात आंबा धरून मी तसाच बसून राहिलो. मला भावाचा राग आलाय का, हे ते वचन विचारतच नव्हतं. भावाच्या मनात माझ्याबद्दल काही आहे का, हे विचारत होतं.

"आंब्यावर मंत्र घालतोस काय रे?" तात्या म्हणाले.

खरं काय झालं होतं, ते इथे सगळ्यांसमोर लिहितो. फेरीबोट चालू होती. मी वेळेत दाभोळला उतरलो. वाटेत बुरोंडीला माणसं होडी वर ओढत होती, "हात लाव रे" म्हणाली... मी मित्राकडून आणलेली बाईक कडेला लावली आणि लावला हात. मग चहा, मग गप्पा. अंगठ्या शर्टाच्या खिशात.

लग्नात पोचलो तेव्हा माझी पँट गुडघ्यापर्यंत ओली होती, वाळू चिकटलेली. फेरी बंद म्हणून धक्क्यावर अडकलेल्या माणसाची पँट अशी नसते. दादाला तेव्हाच कळलं होतं. उशिरापेक्षा खोटं त्याला लागलं असणार.

या बुधवारी मावशींना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "चिठ्ठी बदललीस ते बघितलं मी. म्हटलं बघू, कुठली चिकटते. जाणार कधी?"

"रविवारी उपासना झाली की..."

"उपासना झाली की तुला रस्त्यात होडी दिसेल. या रविवारी अर्पणाच्या थैलीत काही टाकू नकोस, सकाळी एस्टीत बस."

काल दुपारी दादाला मेसेज केला. फेरी चालू होती, मी खोटं बोललो, रविवारी येतोय. बागेचा पत्ताही टाकला, का कोण जाणे. निळ्या खुणा आल्या... उत्तर नाही.

नसू दे. उद्या पहिल्या गाडीने निघणार. मधे कुठेही उतरणार नाही. दार उघडलं नाही तर पायरीवर बसेन, पण तोंडाने सांगून येईन. मावशींचे आभार, तात्यांचेही. एकच गोष्ट आठ दिवस धरून ठेवणं मला आयुष्यात पहिल्यांदा जमलं.

थांबा... तात्या हाक मारतायत. "तुझ्याकडे पाव्हणे आलेत रे, दापोलीहून!"

फाटकाशी वहिनी उभ्या आहेत. मागे बाईकवर दादा... हेल्मेट अजून काढलेलं नाही. पण गाडी बंद केलीय.