चाचांचा रिपोर्ट

नरडाण्याच्या एका सूतगिरणीत मी कॉम्प्युटर विभागात होतो. विभाग म्हणजे मी एकटाच. राहायला धुळ्यात, देवपुरात एक खोली. आई गेल्यापासून शिंदखेड्याचं घर बंद होतं, आणि दुसरं जवळचं कोणी नव्हतं. रविवारी दूधवाल्याशी बोलणं व्हायचं, तेवढंच.

कामाच्या दिवशी मात्र सकाळी माणसं यायची. प्रत्येक खात्याला आदल्या दिवसाची माहिती हवी असे, कोणत्या मशीनवर किती सूत निघालं, कुठे जास्त तुटलं. प्रत्येकाची क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडून माहिती मागवायची कमांड, मी वेगळ्या फाईलमध्ये लिहून ठेवली होती. माणूस आला की त्याची फाईल उघडायची, तारीख बदलायची, डेटाबेसवर चालवायची आणि कागद छापून हातात द्यायचा. प्रिंटर कुरकुरत असताना कोणी मुलीच्या सोयरिकीचं सांगे, कोणी गुडघ्याचं.

मग मॅनेजरसाहेब म्हणाले, "हे सगळं आपोआप नाही का होणार?"

होणार होतं. मी पायथॉनमध्ये एक प्रोग्राम लिहिला. तो रोज सकाळी फोल्डरमधली एकेक फाईल उघडे, आतली क्वेरी वाचे, तारीख भरे, डेटाबेसकडे पाठवे आणि आलेलं उत्तर ज्याच्या त्याच्या मेलवर धाडे. क्वेरी होत्या तिथेच, आपापल्या फाईलमध्ये राहिल्या. एखादी बदलायची झाली तर प्रोग्रामला हात लावायला नको. काम मनासारखं जमलं होतं. साहेबांनी पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या खोलीत कोणी फिरकेना.

आले ते फक्त चाचा. सूत तपासायच्या खात्यातले, निवृत्तीला टेकलेले. दारातूनच म्हणाले, "भाऊ, मना रिपोर्ट नही उना."

त्यांना मेल आलाच नव्हता; बघितलं तर त्यांच्याच फाईलवर प्रोग्राम अडला होता. डेटाबेस एका वेळी एकच कमांड घेई आणि प्रत्येक कमांड अर्धविरामाने संपे, म्हणून प्रोग्राम फाईलचे तुकडे अर्धविरामावर पाडायचा. चाचांच्या फाईलमध्ये मीच कधीतरी लिहिलेली एक टीप होती आणि त्या टिपेतही अर्धविराम होता. प्रोग्रामने टीप मधोमध तोडली आणि उरलेली अर्धी टीप कमांड म्हणून पाठवून दिली.

"एवढं एक चिन्ह काढलं की झालं," मी म्हणालो. "उद्यापासून तुम्हाला यायची गरज नाही, चाचा."

ते स्टुलावर बसले होते. उठले नाहीत.

"मनी फाईल त्यात नको टाकू," ते म्हणाले. "मी येत जाईन. तिकडे दिवसभर मशीनचा आवाज. आठे जरा बसाले भेटस."

मी चिन्ह काढलं, पण त्यांना इथे बसायला मिळावं म्हणून फाईल फोल्डरबाहेर ठेवली. चाचा रोज येत राहिले आणि मी ती हाताने चालवत राहिलो. साहेबांना काही सांगितलं नाही.

उन्हाळ्यात चाचा निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं, "माझा रिपोर्ट मेलवर येईल ना?" मी फाईल फोल्डरमध्ये टाकली. ती बिनतक्रार चालली. त्यानंतर दिवसच्या दिवस त्या खोलीत माझा स्वतःचा आवाजही मला ऐकू आला नाही.

एका रविवारी चाचांचा फोन आला. पांझरा नदीवरचा पूल ओलांडून मी त्यांच्या घरी गेलो. चाचींनी चहा दिला.

"गिरणी काय म्हणते?" चाचांनी विचारलं.

"चाललीय."

पुढे दोघांनाही काही सुचेना. गिरणीत आमच्यासमोर कायम स्क्रीन असायचा, दोघेही त्याच्याकडे बघत बोलायचो. इथे समोरासमोर बसलो तर नजर कुठे ठेवावी कळेना. निघालो तेव्हा ते पुलापर्यंत पोचवायला आले.

"परत ये बरं," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेलो. त्या दिवशीही फारसं बोलणं झालं नाही.